मुंबई-मिरज-कुर्डुवाडी-मुंबई : तीन पिढ्यांची रेल्वेवारी

आमच्या घरात रेल्वेचं वेड तीन पिढ्यांत आहे, आणि तिघांचा जीव तीन वेगळ्या इंजिनांवर आहे. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, एक्क्याऐंशीचे. ते मिरजेत वाढले, त्यामुळे त्यांची रेल्वे म्हणजे वाफ. मी कल्याणची. घाटातली १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी विजेची इंजिनं आणि पुण्यापुढची आल्को या अमेरिकी कंपनीच्या धाटणीची डिझेलं, ही माझी रेल्वे. पुतणी मनू एकोणीस वर्षांची आहे. तिच्या फोनमध्ये वॅप-७ या विजेच्या प्रवासी इंजिनाचे इतके व्हिडिओ आहेत की घरच्यांचे फोटो शोधावे लागतात.

तिघांनी मिळून एकदा फिरावं, असं बरेच दिवस मनात होतं. मार्ग मनूने आखला : डेक्कन क्वीनने पुणे, कोयना एक्स्प्रेसने मिरज, मिरजेहून पॅसेंजरने कुर्डुवाडी आणि तिथून वंदे भारतने परत मुंबई. या एका वळशात रुंद रुळांची ब्रॉडगेज, त्याहून अरुंद अशी पूर्वीची मीटरगेज आणि सगळ्यांत अरुंद अशी पूर्वीची नॅरोगेज असे तिन्ही मार्ग येतात. वाफ, डीसी, डिझेल आणि एसी या चारही युगांनी ही जमीन तुडवली आहे.

पहिला दिवस : ३१ मे, मुंबई ते पुणे

संध्याकाळी ५.१० ला डेक्कन क्वीन सुटते. आम्ही अर्धा तास आधीच फलाटावर होतो. मनू थेट पुढच्या टोकाला गेली, इंजिनाचा नंबर आणि शेड, म्हणजे त्याची देखभाल होते ती जागा, टिपून आली आणि म्हणाली, "लिंकमधलंच आहे, ऑफलिंक नाही." आप्पांनी विचारलं, ही कसली भाषा? गाडीला ठरलेल्या शेडचं, ठरलेल्या जातीचं इंजिन लागलं तर ते लिंक. भलतंच लागलं तर ऑफलिंक. मनूच्या मित्रमंडळींत ऑफलिंकची बातमी काही मिनिटांत राज्यभर पोचते आणि मुलं ते इंजिन गाठायला पुढच्या स्टेशनात जाऊन उभी राहतात.

"आम्हालाही कळायचं," आप्पा म्हणाले, "पण शिट्टीवरून. आणि कोणाला सांगणार? बाजूला भाऊच असायचा."

ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते, एक चंदेरी आणि एक निळा. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी तिच्यात चढू शकला तो थेट १९५५ मध्ये. आता २०२२ च्या जूनपासून डबे एलएचबी या जर्मन धाटणीचे आहेत. डायनिंग कार मात्र राहिली. भारतात रोज धावणाऱ्या गाड्यांत असं टेबलावर बसून खाण्याचं सुख दुसरीकडे नाही. आम्ही चीज टोस्ट मागवले आणि खिडकीशी बसलो.

मला वाटलं होतं, आप्पा नव्या डब्यांवर नाराज असतील. तसं काही नव्हतं. त्यांनी दोनदा सांगितलं की डबा किती शांत चालतो. नाराज होती ती मनू. "आत्या, जुन्या आयसीएफ डब्यांच्या रेकचा आवाज आठवतो का तुला? निळा-पांढरा रंग आणि मधली लाल पट्टी. मी पंधरा वर्षांची होते, गेला तो." एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून 'आमच्या वेळी'चा तो सूर ऐकला आणि पुढचे सगळे दिवस मी त्याच गोष्टीचा विचार करत राहिले.

कर्जतला मागून बँकर लागले. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एवढी गाडी पुढच्या एका इंजिनाने तिथे ओढवत नाही, म्हणून मागून ढकलायला इंजिनं लावतात. ती जोडली जातात तेव्हा सबंध गाडीतून एक हिसका जातो. लहानपणी मी त्या हिसक्याची वाट पाहत जागी राहायचे. तेव्हा मागे डीसीची डब्ल्यूसीजी-२ इंजिनं असायची, आता एसीची वॅग-७ असतात. त्याहून आधीच्या पिढीने इथे स्विस धाटणीची, लांब नाकाची, चाकांना दांडे असलेली इंजिनं पाहिली. कर्मचारी त्यांना खेकडा म्हणत.

आणि त्याच्याही आधी, १८६३ मध्ये हा घाट सुरू झाला तेव्हा, खंडाळ्याखाली गाडीला दिशा बदलावी लागे. डोंगराच्या टोकावर वळायला जागाच नव्हती. गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात शिरायची, इंजिन मागच्या टोकाला लागायचं आणि गाडी उलटी निघायची. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून तो प्रकार बंद झाला. आप्पांच्या आजोबांनी तो पाहिला होता. नवा मार्ग सुरू झाल्यावर 'आता घाटात मजा राहिली नाही' असं ते म्हणत, हे आप्पांनी घरात ऐकलेलं. शंभर वर्षांपूर्वीची ही तक्रार मला फार मोलाची वाटते. कारण त्यानंतर जे विजेचं युग या घाटात आलं, तेच पुढे माझ्यासाठी 'खरं' युग ठरलं.

दुसरा दिवस : १ जून, पुणे

पहाटे उठून पुणे स्टेशन गाठलं, कारण १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस असतो. इंजिनाला फुलांच्या माळा, फलाटावर रांगोळी, केक, बँड. पासधारक नटूनथटून आलेले असतात. रोज त्याच गाडीने नोकरीला गेलेली आणि निवृत्तीनंतरही या दिवशी न चुकता येणारी माणसं इथे भेटतात.

रेल्वेवेड्यांचे थर इतके स्पष्ट मी दुसरीकडे पाहिले नाहीत. सत्तरीच्या पुढचे लोक गाडीकडे पाठ करून एकमेकांशी बोलत होते. त्यांचं प्रेम गाडीतल्या माणसांवर, ठरलेल्या जागांवर, डायनिंग कारच्या वाढप्यांवर. माझ्या वयाचे इंजिनाच्या नंबरपाटीशी उभे होते आणि कोणत्या साली कोणतं इंजिन या गाडीला लागायचं यावर वाद घालत होते. एकाने 'लोकमान्य'चा विषय काढला. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९६१ मध्ये बाहेर पडलेलं ते पहिलं विजेचं इंजिन, डीसीचं, म्हणजे आमच्याच लोहमार्गासाठी घडवलेलं. आणि तरुण मुलं फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला तिवई लावून उभी होती. त्यांना गाडी सुटतानाचे पहिले दहा सेकंद हवे होते, मध्ये कोणी न बोलता.

त्या टोकाला मनूने मला एक गोष्ट शिकवली. मोटारींना जाणारी वीज सांभाळायला वॅप-७ च्या जुन्या इंजिनांत जीटीओ थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, नव्यांत आयजीबीटी नावाचे. निघताना जुनं इंजिन पायरीपायरीने सूर चढवतं, नव्याचा सूर वेगळा असतो. डोळे मिटून ती ओळखते. नव्या पिढीला फक्त वेग कळतो, असं म्हणणाऱ्यांना मी यापुढे हे सांगणार आहे.

सव्वासातला गाडी सुटली. दुपारी कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. एकाच पटावर वाफेची गाडी, डिझेल आणि बुलेट ट्रेन शेजारी शेजारी धावतात. आप्पा वाफेच्या गाडीपेक्षा सिग्नलकडे जास्त वेळ पाहत होते. खाली-वर होणाऱ्या हाताचा सिग्नल त्यांना फार दिवसांनी दिसला.

तिसरा दिवस : पुणे ते मिरज

कोयना एक्स्प्रेस दुपारी पुण्याला आली, थोडी थांबली आणि त्याच इंजिनाने पुढे निघाली. मनूला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र गाडी हलेपर्यंत दारात उभी होते.

आमच्या लहानपणी मे महिन्यात मिरजेला जाताना पुणे हा मुक्कामच असायचा. वीज इथेच संपायची. मुंबईचं इंजिन सुटायचं आणि काळा धूर सोडत डब्ल्यूडीएम-२ हे आल्को डिझेल इंजिन मागे येत गाडीला लागायचं. बाबा आम्हाला खाली उतरवून ते दाखवायचे. कपलिंगचा दणका, होस पाइप जोडणारा माणूस, हवेच्या दाबाची फुसफुस. मी वहीत दोन्ही इंजिनांचे नंबर लिहायचे. या वह्या अजून माझ्याकडे आहेत. इगतपुरीलाही तसंच व्हायचं, तिथे डीसी संपून एसी सुरू व्हायची.

डीसी का गेली, हे मनूला तारांच्या भाषेत सांगितलं. व्होल्टेज १५०० असेल तर तेवढीच शक्ती पोचवायला २५,००० व्होल्टच्या मानाने सोळापट-सतरापट करंट लागतो. म्हणून तांब्याच्या जाड तारा लागतात आणि थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं. गाड्या वाढल्या, जड झाल्या, तसं ते परवडेना. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत सुरू झालेलं हे युग टप्प्याटप्प्याने आवरलं. पुण्याची बाजू २०१० च्या आसपास एसीवर गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरून डीसीची शेवटची लोकल धावली. त्या लोकलला निरोप द्यायला गर्दी झाली होती. घाटातल्या इंजिनांना तसा निरोप मिळाला नाही. ती एकेक करून दिसेनाशी झाली. डब्ल्यूसीएएम-३ सारखी दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं केवळ या संक्रमणासाठी जन्मली, वीस-पंचवीस वर्षं राबली आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहिला नाही. वाफेला कवी मिळाले, डीसीला मिळाले नाहीत, याचं मला खरोखर दुःख आहे.

फुरसुंगी गेलं, शिंदवण्याचा घाट आला. इथे आल्को इंजिनाचा कस लागायचा. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवला की डिझेल लगेच जास्त जायचं, पण हवा पुरवणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडायची आणि न जळलेल्या तेलाचा काळा लोट वर उठायचा. आम्हा मुलांना तो लोट म्हणजे पराक्रम वाटायचा. इंजिनाच्या तब्येतीच्या दृष्टीने आणि रुळाकाठच्या गावांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने तो पराक्रम नव्हता, हेही आता कळतं. आवडतं म्हणून ते चांगलंच होतं, असं मी म्हणणार नाही.

जेजुरी, नीरा, मग आदर्कीची वळणं. खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं ती जागा. मार्ग आता दुहेरी आहे आणि वर तार आहे, त्यामुळे समोरच्या गाडीसाठी ताटकळणं गेलं. एकेरी मार्गावर गाडीला पुढे जायची परवानगी म्हणून लोखंडी गोळा देत. तो चामड्याच्या थैलीत, थैली वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेली. न थांबणाऱ्या गाडीतून फायरमन जुनं कडं फलाटावर टाकायचा आणि नवं हातावर झेलायचा. आप्पांनी बसल्या जागेवरून हात लांब करून ते दाखवलं. समोरच्या बाकावरच्या काकू पाय आखडून बसल्या.

साताऱ्यापुढे आप्पा खिडकी सोडेनात. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता, १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला आणि मुंबईहून कोल्हापूरला थेट महालक्ष्मी सुरू झाली. आप्पा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. "लोकांनी पेढे वाटले," ते म्हणाले. "मीही खाल्ले. मुंबईची गाडी दारात आली होती. वायपी, आमची मीटरगेजची वाफेची इंजिनं, गेली याचं वाईट कधी वाटलं? दहा वर्षांनी."

मनूने तेव्हाच रेकॉर्डिंग सुरू केलं असावं.

चौथा दिवस : मिरज ते कुर्डुवाडी

मिरज स्टेशनावर सकाळी दोन तास काढले. इथे एके काळी तिन्ही गेज एकत्र होती. पुण्याकडे ब्रॉडगेज, हुबळीकडे मीटरगेज, पंढरपूरकडे नॅरोगेज. आप्पा एका भिंतीशी उभे राहून बोटाने दाखवत होते : इथे पाण्याचा खांब, इथे राख काढायचा खड्डा, इथून आम्ही पोरं शेडमध्ये शिरायचो.

मनूने विचारलं, "फोटो?"

"कॅमेरा कोणाकडे होता? आणि असता तरी काढला नसता. रोज दिसणाऱ्या इंजिनाचा फोटो कोण काढतं?"

वायपी प्रवासी गाडीला, वायजी मालगाडीला, हे त्यांनी सांगितलं. पण त्यांना इंजिनापेक्षा माणसं जास्त आठवतात. फावड्यावर बटाटे भाजून देणारा एक फायरमन होता. त्याच्या हाताच्या कोपरापर्यंत डाग होते. उन्हाळ्यात भट्टीसमोर तो ओलं फडकं डोक्याला बांधून कोळसा टाकायचा. "वाफेचं कौतुक डब्यात बसून करणाऱ्याला सोपं जातं," आप्पा म्हणाले. "त्याच्या मुलाने डिझेलवर नोकरी धरली तेव्हा त्याने देवाला नारळ फोडला." वाफेच्या युगातला माणूस वाफेविषयी इतका कोरडेपणाने बोलू शकतो, हे मनूला नवीन होतं. तिच्या पिढीला वाफ चित्रांतून आणि टॉय ट्रेनच्या खास फेऱ्यांतून भेटते, धुपासारखी.

मग कुर्डुवाडीची पॅसेंजर. हा मार्ग म्हणजे पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे, आणि तिच्याविषयी मी तासन्‌तास बोलू शकते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे सुरू केली. नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली रेल्वे, हा समज त्याने मोडला. त्याचा विचार असा : इंजिन असो, डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही मोठे डबे आणि भरपूर माल नेता येतो. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी खास इंजिनं बांधली. या सोलापूर जिल्ह्यातल्या प्रयोगाकडे जगभरच्या लाइट रेल्वेवाल्यांचं लक्ष होतं. पुढे हाच कॅल्थ्रॉप वैमानिकांच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि त्यातही त्याने नाव कमावलं.

१९०६ मध्ये रेल्वे पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. आषाढी-कार्तिकीला डबे पुरत नसत, तेव्हा वारकरी मालाच्या वाघिणींतूनही जात. आप्पा आईबरोबर अशा एका वारीला गेले होते. उघड्या वाघिणीत अभंग चालू, वरून कोळशाचे कण, आणि उतरताना सगळ्यांचे कपाळावरचे बुक्के आणि काजळी एकच झालेली.

कवठे महांकाळचा परिसर, ढालगाव, जत रोड, सांगोला. गाडी आता ब्रॉडगेजवर, विजेवर, सरळ धावते. रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झालं, मग वरून तार आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेचा शेवटचा तुकडा विजेखाली आला तो औसा रोड ते लातूर रोड, म्हणजे याच मुलखातला. शंभर वर्षांपूर्वी जिथे अडीच फुटी रूळ पोचवणं ही मोठी गोष्ट होती, तिथे आता वॅग-९ हे विजेचं इंजिन मालगाडी घेऊन जातं. सांगोल्याची डाळिंबं रेल्वेने दूर जाऊ लागली ती याच बदलामुळे. नॅरोगेज असताना माल गाडीतून गाडीत हलवावा लागे आणि निम्मा वेळ त्यातच जाई. हा बदल नको होता, असं या मुलखातला शेतकरी म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही.

पंढरपूरला गाडी थांबली तेव्हा मनूने हिशेब मांडला. ब्रॉडगेजवरची वाफ १८५३ ते १९९५, एकशे बेचाळीस वर्षं. डीसी ९१ वर्षं. आल्कोचं डब्ल्यूडीएम-२ १९६२ पासून, साठीच्या आसपास आटोपतंय. "आणि माझं?" ती म्हणाली. पहिली वंदे भारत २०१९ ची, दुसरी आवृत्ती २०२२ ची, २०२३ मध्ये भगवा रंग. चार-पाच वर्षांत तीन रूपं. तिच्या मित्रांत 'मूळ पांढरी-निळीच बरी' म्हणणारे आत्ताच आहेत.

इथे मला कोडं उलगडलं. आप्पांना वाटायचं, हे असंच राहणार, म्हणून त्यांनी काही टिपलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर इंजिनं बदलत होती, म्हणून मी नंबर लिहिले आणि छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरला. मनूच्या पिढीला काहीही राहील असा भरवसाच नाही. म्हणून ती मुलं सगळं टिपतात, आवाजासकट, तारीख-वेळेसकट. याला लोक मोबाइलचं व्यसन म्हणतात. मी त्याला दफ्तर सांभाळणं म्हणते. आमच्या डीसी इंजिनांना असे दफ्तरदार मिळाले असते तर आज त्यांचे आवाज ऐकता आले असते.

रात्री कुर्डुवाडीत मुक्काम. नॅरोगेज गेली तरी इथला रेल्वे कारखाना टिकून आहे. जेवणात शेंगाचटणी आणि कडक भाकरी, आणि आप्पा नऊलाच झोपले.

पाचवा दिवस : कुर्डुवाडी ते मुंबई

सोलापूरहून पहाटे सुटलेली वंदे भारत सातच्या आत कुर्डुवाडीला येते. गाडी शिरताना आप्पांनी सवयीने पुढे पाहिलं. इंजिन नव्हतं. या गाडीला वेगळं इंजिन नसतंच. मोटारी डब्यांच्याच खाली, साधारण निम्म्या डब्यांना. त्यामुळे ती झटकन वेग घेते, आणि मुंबईहून येताना बोरघाट चढायला तिला बँकर लागत नाहीत. कर्जतचा हिसका तिच्या प्रवाशाला माहीतच नसणार.

मला हे खुपायचं, कबूल करते. ज्या गाडीला इंजिन नाही तिच्यावर प्रेम कशावर करायचं? पण दौंड जवळ येताना आप्पाच म्हणाले, "तू तर कल्याणची. लोकलला कुठे इंजिन असतं?"

खरंच आहे. १९२५ पासून मुंबईने बिनइंजिनाच्या गाड्या पाहिल्या, त्यांच्यावर जगली. वंदे भारत ही त्या लोकलचीच लांब पल्ल्याची धाकटी बहीण आहे, दिल्ली-वाराणसीच्या आधी हिचं मूळ बोरीबंदर-कुर्ल्याला आहे. मनूने हे लगेच लिहून घेतलं.

पुण्यानंतर घाट उतरताना आप्पा आणि मनू एका खिडकीला होते. ती त्यांना ब्रेक लावताना मोटारी जनित्रासारख्या चालून वीज तारेत परत कशी जाते ते सांगत होती. ते तिला वाफेची मालगाडी उतारावर सांभाळायला गार्ड आणि ड्रायव्हर काय काय करत ते सांगत होते. मध्ये मध्ये दोघं एकाच वेळी बोलत होते.

कल्याणला मनूने मला प्रश्नांची यादी दाखवली, एकोणतीस प्रश्न. वायपीच्या भट्टीत कोळसा कुठून आधी टाकायचा, मिरज शेडमध्ये रात्री किती इंजिनं असत, पाणी कुठे खारं होतं, शिट्टीच्या खुणा कोणत्या. उत्तरं देणारे, आप्पांच्या ओळखीचे चार निवृत्त फायरमन आणि ड्रायव्हर अजून मिरज-सांगलीत आहेत. सगळ्यांत धाकटे अठ्ठ्याहत्तरचे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नये, जुलैतच जाऊ, असं ठरलं. माइक मनू आणणार, वह्या मी. आप्पांनी चष्मा लावून फोनमधले नंबर शोधले, आणि गाडी दादरला पोचायच्या आत चौघांपैकी दोघांचा होकारही घेतला.